वित्स्केचं ताट

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात वित्स्केने शेजारी बसणाऱ्या पोस्टमांच्या ताटातला खिम्याचा गोळा उचलून तोंडाला लावला, तेव्हा तिचा नवरा डाउवे पाण्याचा जग भरून आणायला गेला होता. तो परत येईपर्यंत अर्धा गोळा संपलाही होता. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता, डोळे अर्धवट मिटले होते आणि ती सावकाश चावत होती. पोस्टमा आपल्या ताटात उरलेल्या बटाट्यांकडे बघून नुसते हसत होते.

डाउवे जग हातात धरून तसाच उभा राहिला. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मांसाचा किंवा मासळीचा एक तुकडा तिच्या तोंडात गेलेला त्याने पाहिला नव्हता.

"छान आहे," वित्स्के त्याला म्हणाली. "हे मला रोज का देत नाहीत?"

मजल्यावर काम करणारी नाझली दुसऱ्या टोकाकडून लगबगीने आली. वित्स्केचं तोंड पुसत ती हळूच म्हणाली, "काका, माझं लक्ष दुसरीकडे होतं. चूक झाली."

"असू दे," डाउवे म्हणाला. तो खुर्चीत बसला, पुन्हा उठला, जग ठेवायला जागा शोधली, पुन्हा बसला. जेवणं आटोपताच त्याने कोट चढवला आणि सायकल काढली. घर डावीकडे होतं. तो उजवीकडे वळला आणि समुद्राच्या बंधाऱ्याखालच्या रस्त्याने, समोरून येणाऱ्या वाऱ्यात, पाय भरून येईस्तोवर सायकल मारत राहिला.

डाउवेचा सगळा जन्म दुधाचा टँकर चालवण्यात गेला होता. डोक्कम गावाच्या आसपासचे गोठे पहाटेपासून फिरायचे, दूध भरून घ्यायचं, डेअरीत नेऊन ओतायचं आणि पुन्हा निघायचं. बोलण्यापेक्षा चालत्या गाडीत बसणं त्याला बरं वाटे. वित्स्के त्याला अशाच एका गोठ्यावर भेटली. शेतकऱ्याची धाकटी मुलगी, उंच, कामाला चपळ. लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं, "मी मांस खात नाही आणि घरात शिजवणार नाही. तू खा, मला काही वाटणार नाही. पण घराबाहेर."

"बरं," डाउवे म्हणाला.

त्या काळात आमच्या भागात एवढ्यावर 'बरं' म्हणणं सोपं नव्हतं. हिवाळ्यात वाटाण्याचं दाट सूप करायचं आणि त्यात सॉसेज घालायचं नाही, हे ऐकून त्याची आई म्हणाली होती, "मग त्याला सूप कशाला म्हणायचं, भांडी विसळलेलं पाणी म्हणा." धाकटा भाऊ लोल्के तर प्रत्येक वाढदिवसाला वित्स्केच्या मागे लागे. "वहिनी, दूध चालतं, चीज चालतं, मग वासराने काय घोडं मारलंय?" ती चिडत नसे. "मला जमतं तेवढं मी करते," ती म्हणे, "तुला जमेल तेवढं तू कर." आणि त्याच्यापुढे केक सरकवे.

डाउवे रस्त्यावरच्या टपऱ्यांवर तळलेलं सॉसेज खाई, आणि शनिवारी दुपारी लोल्केकडे त्याच्या बायकोने केलेलं जे काही असेल ते. घरात शिरण्याआधी तो नळावर खळखळून तोंड धुवे. एकदा वित्स्केने ते पाहिलं. "माझ्यासाठी धुतोस का?" तिने विचारलं. त्याने नळ बंद केला. "मग नको धूत जाऊ. तू लपवायला लागलास की मला उगाच फौजदार झाल्यासारखं वाटतं."

ती मांस का खात नाही, हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरला ती सांगे, पचत नाही. शेजारणीला सांगे, सवय गेली. त्यांची मुलगी मारिट लहान असताना हट्टाला पेटली, तेव्हा तिला सांगितलं होतं की मला गाईंचे डोळे आवडतात. मारिट आजीकडे जाऊन सगळं खाई, आणि वित्स्के तिला तिथे सोडायला स्वतः जाई. डाउवेने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझं मला माहीत आहे." त्यावर त्याने विषय सोडला होता.

आता ते तिलाच माहीत राहिलं नव्हतं. आधी नावं गेली, मग शेगडीवर भांडी जळायला लागली, मग एकदा ती थंडीत चपला घालून कालव्याकडे निघाली. मारिटने आणि त्याने मिळून तिला गावातल्याच या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या स्वयंपाकघरात जाऊन डाउवेने एकच गोष्ट बजावून सांगितली होती.

त्या गोळ्यानंतर वित्स्केचं दुसऱ्यांच्या ताटांवरचं लक्ष हटेना. गाडी ढकलत जेवण आलं की ती मान उंचावून बघे. तिच्यापुढे चीजची वडी आली की ती बाजूला सारून म्हणे, "हे नाही. ते."

डाउवेचं घरात मन लागेना. टीव्ही लावायचा, बंद करायचा, तळघरात जाऊन उगाच स्क्रूंचे डबे लावायचे. रविवारी मारिट झ्वोलेहून आली. तिने आईजवळ बसून तिचे केस विंचरले, आणि परत घरी येऊन कॉफी ओतता ओतता म्हणाली, "बाबा, देऊन टाकू या ना तिला."

"ती खात नाही."

"आत्ता खाते. मी पाहिलं. पोस्टमांच्या ताटाकडे कशी बघत होती."

"आत्ताचं काय घेऊन बसलीस."

"तिच्याकडे आत्ताशिवाय काय आहे, बाबा? तिला माझं नाव येत नाही. तुझं येतं तेही कधीमधी. जिभेला काहीतरी छान लागतंय, तेवढं तरी असू दे."

"आणि उद्या तिच्या लक्षात आलं तर?"

"कुणाच्या? पूर्वीची आई आता नाहीये."

डाउवेने कप खाली ठेवला. "नाही तर मग मी रोज कुणाला भेटायला जातो?"

मारिटने दोघांचे कप विसळायला उचलले. ती म्हणाली, "मी तुला दुखवायला नाही म्हणाले." आणि दोघांनी विषय बदलला, पण संध्याकाळच्या गाडीला ती नेहमीपेक्षा लवकर निघाली.

शनिवारी लोल्केकडे डुकराचं मांस परतलेलं होतं, सोबत सफरचंदाची चटणी. बातमी तिथवर पोचलेली होती. "शेवटी वहिनी आली ताळ्यावर," लोल्के हसत म्हणाला. "मी इतकी वर्षं काय सांगत होतो?"

डाउवेने सुरी आणि काटा ताटात ठेवला आणि उठला. लोल्के दारापर्यंत मागे आला. "अरे, चेष्टा केली मी."

"माहीत आहे मला."

"मग जेव ना."

"आज नाही जात."

पुढच्या आठवड्यात त्याला नाझली सायकलींच्या शेडमध्ये सापडली. तिची चहाची सुट्टी होती. तिचे आजोबा तुर्कस्तानातून इथल्या कारखान्यात कामाला आले होते, तिचा जन्म मात्र लेउवार्डनचा. वयस्कर माणसांना ती काकाच म्हणे आणि ते कुणालाही खटकत नसे.

"तुला एक विचारू?" डाउवे म्हणाला. "तू डुक्कर खात नाहीस ना?"

"नाही."

"समज, उद्या तू वित्स्केसारखी झालीस. काही आठवत नाही. आणि तू डुकराचं मागितलंस. तर?"

नाझली कपातला चहा गोल फिरवत राहिली. "माझी आई म्हणेल, आजारी माणसाला दोष नाही. देवाला कळतं."

"आणि तू?"

"मला दोषाचं नाही वाटत, काका. देणाऱ्याला माहीत होतं आणि तरी त्याने दिलं, याचं वाटेल." ती थांबली. "म्हणजे तेव्हा नाही वाटणार. तेव्हा मी खुशाल खाईन. आत्ता वाटतं."

"तोच तर घोळ आहे," डाउवे म्हणाला.

त्याला वाटू लागलं की वित्स्केचं कारण कळलं तर सगळं सोपं होईल. नुसती चव आवडत नसेल, तर आता चव बदलली, खाऊ दे. पण चवीपलीकडचं काही असेल तर? वित्स्केची थोरली बहीण डिना फ्रानेकरला एकटी राहत होती. ऐंशी उलटून गेलेली, कानाने कमी, पण पत्त्यांत अजून कुणाला जिंकू देत नसे. डाउवे न कळवताच तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने साखरेचा पाव कापला, लोणी लावलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"आवडत नसेल?" डिना हसली. "अरे, आम्हा सगळ्यांत खादाड तीच. हाडं चोखत बसायची. बाबा म्हणायचे, पोरी, कुत्र्याला काहीतरी ठेव."

डाउवेने हातातला पाव ताटलीत ठेवला.

"सतरा वर्षांची होती," डिना सांगू लागली. "रविवार होता. आईने मांस भाजलं होतं. सगळ्यांना वाढून झालं आणि हिने काटा खाली ठेवला. बाबांनी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाली, बरी आहे. मला हे फार आवडतं, बाबा. पण मला आवडतं एवढ्यासाठी एक जीव मारायचा, हे कारण मला पुरत नाही. बाबांना वाटलं, पोरगी आपल्याला खाटीक म्हणतेय. गुरांवरच तर सगळं घर चालायचं. म्हणाले, आमच्या टेबलावर बसून आम्हाला शिकवायचं नाही. तो अख्खा हिवाळा ती मागच्या खोलीत जेवली, चिखलाच्या बुटांशेजारी बसून."

"आणि तुम्ही?"

"आम्ही आत बसून जेवलो," डिना म्हणाली. "दुसरं काय करणार."

"मला कधी सांगितलं नाही तिने."

"तू विचारलं होतंस?"

"हो."

"किती वेळा?"

डाउवेने पावाचा तुकडा ताटलीत इकडून तिकडे केला. "एकदा."

दार लावताना डिना आणखी एक बोलली. "इच्छा गेली नव्हती हं तिची. माझ्याकडे आली की स्वयंपाकघरात उभी राहायची, वास घेत. मग जाऊन खिडकी उघडायची."

परतीच्या बसमध्ये जागा रिकाम्या होत्या, तरी डाउवे दांडा धरून दाराशीच उभा राहिला. म्हणजे पोस्टमांच्या ताटात हात घालणारी बाई कुणी परकी नव्हती. ती भूक वित्स्केचीच होती, जुनी. पण ती आवरणारीही तीच होती, आणि ते आवरणं तिला फुकट मिळालं नव्हतं. बुटांशेजारी बसून जेवणारी सतरा वर्षांची मुलगी त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. गावात उतरेपर्यंत त्याचं ठरलं होतं. तिला आता स्वतःला आवरता येत नाही, तर आपण आवरू.

दुसऱ्या दिवशी त्याने तिची जागा बदलून घेतली. पोस्टमांपासून लांब, खिडकीशी. दुपारच्या जेवणाला तो रोज स्वतः हजर राहू लागला. स्वतःच्या पोटात काही असो वा नसो, तिच्यापुढे काय येतं यावर त्याची नजर. शहरातून डाळीच्या वड्या आणल्या, मशरूमच्या आणल्या, अंडी चार तऱ्हांनी करून डब्यातून नेली. वित्स्के एखादा घास घेई आणि बाकीचं सारून देई. वाऱ्यावर रश्शाचा वास आला की मान वळवी.

"ते."

"ते तुझं नाही, वित्स्के. हे तुझं."

"तू कंजूस आहेस," ती म्हणे. आणि शेजारच्या बाईंना सांगे, "हा माणूस मला जेवू देत नाही."

शेजारच्या बाई डाउवेकडे असं बघत की त्याला खाली बघावं लागे. वित्स्केचं वजन उतरू लागलं. नाझली त्याच्यासाठी कॉफी आणताना पूर्वीसारखी थांबत नव्हती. मारिटचा फोन आला की तो हवापाण्याचं बोले. घरी आल्यावर तो चालत सुटे, कालव्याच्या कडेने पुलापर्यंत, पुलावरून परत, आणि दाराशी पोचल्यावर पुन्हा पुलापर्यंत. आपण तिची बाजू राखतोय असं तो स्वतःला सांगे. तरी आपण तिच्या बापासारखे झालोय असं त्याला वाटत राही.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी जेवणाची गाडी त्यांच्या टेबलाला खेटून उभी राहिली. वरच्या फळीवर गोळ्यांचं ताट होतं. वित्स्केने हात लांब केला. डाउवेने तिचं मनगट पकडलं, जरा जास्तच घट्ट. तिने ओढलं, त्याने सोडलं नाही. काटा खाली पडला आणि आसपासचे सगळे जेवायचे थांबले.

वित्स्केने त्याच्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांत तिने असं थेट पाहिलं नव्हतं.

"मी कधी तुझ्या ताटात हात घातला होता का?" ती म्हणाली.

हे ती नवऱ्याला म्हणाली, बापाला म्हणाली, की समोर दिसणाऱ्या कुणा म्हाताऱ्याला, ते त्याला कळलं नाही. त्याने मनगट सोडलं. त्यावर त्याची बोटं लाल उमटली होती. वित्स्केने एक गोळा उचलला आणि दोन्ही हातांत धरून खाऊ लागली. डाउवे बघत राहिला. उठून जावंसं वाटत होतं, पण तो गेला नाही. खाऊन झाल्यावर त्याने रुमाल ओला करून तिचे हात पुसले, बोट बोट वेगळं करून, आणि लाल झालेल्या मनगटावर आपला तळवा ठेवला. तिने तो ठेवू दिला.

त्या संध्याकाळी तो मजल्याच्या प्रमुख बाईंकडे गेला. नाझलीही तिथे होती.

"तिला पुन्हा पोस्टमांच्या शेजारी बसवा," तो म्हणाला. "तिच्या ताटात मांस वाढू नका. पण तिने स्वतःहून कुठून घेतलं, तर हिसकावू नका."

"म्हणजे नक्की काय, साहेब?" प्रमुख बाईंनी विचारलं. "तिने खाल्लेलं तुम्हाला चालणार आहे की नाही?"

"मला ते नीट सांगता येत नाही," डाउवे म्हणाला. "देणारे आपण नको. आणि अडवणारेही नको."

"हा काही नियम झाला नाही."

"नाही झाला," तो म्हणाला.

"चालेल, काका," नाझली म्हणाली. "मला कळलं."

मारिटला त्याने फोनवर डिनाचं सगळं सांगितलं. बुटांचं, खिडकीचं. मग ती म्हणाली, "मला तर गाईंचे डोळे सांगितलं होतं." आणि मग, "मला अजूनही वाटतं की द्यावं. पण तू म्हणतोस तसं राहू दे."

त्यानंतर वित्स्केने पोस्टमांच्या ताटातून दोन-तीनदाच घेतलं. पोस्टमा आपणहून ताट तिच्या बाजूला कलतं करत असावेत, असा डाउवेला संशय होता. त्याने विचारलं नाही. नाताळाच्या सुमारास तिला गिळायला त्रास होऊ लागला आणि सगळंच वाटून, पातळ करून द्यावं लागलं. मग ती कुणाच्याच ताटाकडे बघेनाशी झाली. डाउवेने ज्यासाठी एवढा रात्रीचा दिवस केला, तो प्रश्न आपोआपच बाजूला पडला, आणि तो बाजूला पडल्याचं त्याला सगळ्यांत जास्त लागलं. वाटलेलं गाजर चमच्याने भरवताना कधीकधी त्याच्या मनात येई, निदान हट्ट तरी करावा हिने. ती करत नसे. मार्चमध्ये, मारिट आणि तो दोघंही जवळ असताना, ती गेली.

लोल्के अंत्यविधीला सगळ्यांत मागे उभा होता. बाहेर पडताना तो भावाजवळ आला आणि त्याने नुसता त्याचा कोट खांद्यावर नीट केला.

घरात बसवत नाही म्हणून डाउवे अजूनही दुपारी वृद्धाश्रमात जातो. पोस्टमांचे हात आता थरथरतात, त्यांना भरवायला कुणीतरी लागतं. त्या बदल्यात त्यालाही तिथेच जेवण मिळतं. पहिल्या दिवशी गाडी ढकलत आलेल्या नव्या मुलीने त्याला सहज विचारलं, "तुम्हाला काय देऊ, मांसाचं की बिनमांसाचं?"

हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. घरात एक होतं, बाहेर दुसरं होतं, आणि उंबरठा मध्ये होता. तो त्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिला. तिला वाटलं, ऐकू आलं नाही. तिने मोठ्याने पुन्हा विचारलं.

कधी तो एक सांगतो, कधी दुसरं. मांसाचं घेतलं तर दुसऱ्या घासाला हात अडखळतो, आणि बिनमांसाचं घेतलं तर आपण कुणाची तरी नक्कल करतोय असं वाटून चव लागत नाही. नाझली एकदा म्हणाली, "काका, एक काहीतरी ठरवून टाका, सुटाल." तो म्हणाला, ठरवतो. पण गाडीच्या चाकांचा आवाज आला की तो खुर्चीत सरसावून बसतो, चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा घालतो. पोस्टमा तोंड उघडून घासाची वाट बघत असतात.

"थांब गं जरा," तो त्या मुलीला म्हणतो. "आधी यांना दे. मी सांगतो."